हसऱ्या चेहऱ्यावर बोट

सोमवार, ७ ऑक्टोबर

आजपासून दवाखान्यात टीव्हीसमोर गुद्दे मारायचे. नर्स म्हणाली, "नवरा गेला म्हणून रक्तदाब रजेवर जात नाही, म्मा."

गाबोरोनेच्या विद्यापीठातून ओरातिले नावाची मुलगी आलीय. हातात दोन दांड्या देते. आपण हवेत ठोसा मारला की पडद्यावरचा गडी मार खातो. व्यायाम म्हणे! संपल्यावर पाच चेहरे छापलेला पुठ्ठा पुढे धरते — रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. "किती मजा आली? बोट ठेवा." मधल्यावर ठेवलं. सरळ तोंडाचा. खोटं नव्हतं. मोदिरी गेल्यापासून सगळं तसंच आहे. बोगोबेची लापशीसुद्धा तोंडात नुसती गरम लागते.

सासूबाई सोबत आल्या होत्या. दुखवट्याच्या वर्षात बाईने एकटीने हिंडायचं नाही. दाराबाहेर बाकावर बसून राहिल्या, काठी दोन्ही हातांत धरून. नजर आत.

बुधवार, ९ ऑक्टोबर

काळी शाल अंगावर ठेवूनच खेळले. मधला चेहरा.

सोमवार, १४ ऑक्टोबर

ओरातिले म्हणते, शाल काढा, हात मोकळे होतील. दाराकडे पाहिलं. नाही काढली.

बाहेर पडताना रांगेतली एक बाई खिदळली — "काळ्या कपड्यात नाच शिकतेस की काय गं?" सासूबाई घरी येईपर्यंत काठी आपटत पुढे चालल्या. मला लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

बुधवार, १६ ऑक्टोबर

मध्येच दार हळूच लागलं. वारा असावा. शाल काढून खुर्चीवर टाकली.

आणि मग त्या गड्याला बडवलं! मोदिरीच्या गाडीपुढे अंधारात गुरं आली. गुरांना काय मारणार? रस्त्याला काय मारणार? याला मारलं. गडी आडवा झाला, पाय वर करून, अगदी बावळटासारखा — आणि खोलीत कुणीतरी मोठ्याने हसलं. मीच.

तोंड दाबून धरलं. ओरातिलेने पुठ्ठा पुढे केला. बोट उजवीकडे निघालं होतं, ओढून मधल्यावर आणलं. अजून वर्ष सरायचंय. कुठल्या तोंडाने हसऱ्यावर बोट ठेवू?

गुरुवार, १७ ऑक्टोबर

दंड दुखतायत. बरं वाटतंय दुखणं.

सोमवार, २१ ऑक्टोबर

ओरातिले म्हणाली, "शुक्रवारी शेवटचं विचारणार. ज्यांना मजा येत नाही त्यांना चालण्याच्या गटात घालतात. तुम्हाला तर येतच नाही, म्मा. उगाच कशाला जबरदस्ती?"

बरं, म्हणाले. घरी येऊन मोरोगोची भाजी निवडायला बसले तर पानं फेकून देठच पातेल्यात टाकत होते. मला हे खेळणं सोडायचं नाही. साऱ्या कान्ये गावात तेवढी एकच खोली आहे, जिथे मी मेलेली नाही. पण उकाडा म्हणून नर्सने दाराला दगड लावून ठेवलाय. बाकावरून सगळं दिसतं. मुलगा त्यांचा गेलाय. त्यांच्यासमोर कसं सांगू, मला मजा येते म्हणून?

बुधवार, २३ ऑक्टोबर

दार उघडंच. शाल अंगावर. मधला चेहरा. ओरातिलेने मान हलवली.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

पुठ्ठा पुढे आला. बोट मधल्या चेहऱ्यावर टेकणार, तोच खांद्यावरून काठी आली. टोक थेट हसऱ्या चेहऱ्यावर.

"हे लिही हिचं," सासूबाई ओरातिलेला म्हणाल्या. "मी बाहेरून ऐकलंय."

मग माझ्या अंगावरची शाल काढून स्वतःच्या हातावर घेतली. "मी सांभाळते. तू मार त्याला अजून." बाहेर जाताना काठीने दगड बाजूला सारला आणि दार हळूच ओढून घेतलं.

त्या बुधवारी वारा नव्हताच.