पूर्ण नावाची जाहिरात

१३ जानेवारी १९९७, सोमवार

दोन फोन आले. दोन्ही वाया!

पहिल्याला रेडिओ दुरुस्त करून हवा होता. दुसरा पणदऱ्याहून — "श्रावणाचं यंत्र म्हंजे काय वं? पूजेचं हाय का?" म्हटलं, श्रावण नाही, श्रवण. ऐकायचं. तर म्हणाला, "मग ऐकायचं म्हणा की!" आणि ठेवून दिला.

त्याचं बरोबरच आहे. "श्रवणयंत्र" हा पुण्याच्या कंपनीचा शब्द. त्यांनी दिलेला मजकूर मी जसाच्या तसा बारामतीच्या साप्ताहिकात छापायला दिला. इथं असं कोण बोलतं? कंपनीच्या साहेबांनी आधीच सांगितलंय — मशीन विकलं तर कमिशन तुमचं, जाहिरातीचा खर्चही तुमचाच. एसटीडी बूथच्या कमाईतले महिन्याला तीनशे रुपये त्यासाठी बाजूला काढायचे, त्यावर एक रुपया नाही, असं सोमनाथशी ठरलंय. नवरा असला तरी शाळामास्तर — विचारणारच.

१५ जानेवारी

मजकूर बदलला. "कानाचे मशीन. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी फोन करावा — करुणाताई, एसटी स्टँडसमोर, बारामती." स्वच्छ, सोपं. आता येतील.

२१ जानेवारी, मंगळवार

एकही नाही.

सोमनाथ लोणी भापकरच्या शाळेतून आले, चहा पिता पिता पेपर उघडला आणि हसतच सुटले. "अगं, ज्याला ऐकू येत नाही तो फोनवर बोलणार कसा?"

मीही हसले. पोट दुखेपर्यंत. मग आत जाऊन थोडं रडलेही.

संध्याकाळी आबांना विचारलं. सासरे उभा जन्म साखर कारखान्यात उसाच्या चरकाशेजारी उभे राहिले, त्यात कान गेले. गेल्या वर्षी मीच त्यांना पुण्याला नेऊन मशीन बसवलं, तिथंच कंपनीच्या साहेबांनी एजन्सीचं विचारलं. म्हटलं, "आबा, मी नेलं नसतं तर तुम्ही स्वतःहून मशीन मागितलं असतं?"

"मी? कशापायी? मला समदं ऐकू येत हुतं. तुमीच बारीक बोलत हुता!"

रात्रभर तेच डोक्यात. ज्याचे कान गेले तो मशीन शोधतच नाही. शोधतो तो, जो त्याच्याशी बोलून बोलून थकलेला असतो.

२३ जानेवारी

नवीन मजकूर: "घरात एका माणसाशी ओरडून बोलावे लागते का? कानाचे मशीन पाहायला या. करुणाताई."

सोमनाथ म्हणाले, ही जाहिरात आहे की घरचं गाऱ्हाणं? म्हटलं, गाऱ्हाणंच.

३ फेब्रुवारी, सोमवार

बायका! सगळ्या बायकाच!

एक म्हणाली, "ताई, मामंजींना जेवाय बलवायचं तर गल्लीला कळतं आज भाजी कसली हाय ती." दुसरी — "शेजारच्यांना वाटतं आमच्यात रोज भांडणं हुत्यात." तिसरीने तर मशीनचं काही विचारलंच नाही. सासू, जाऊ, विहिरीवरची मोटार, सगळं सांगितलं. फोनचं बिल तिचं, म्हणून मी ऐकलं. बूथच्या काचेबाहेर लोक ताटकळत होते.

महिन्यातल्या एका शनिवारी पुण्याहून कान तपासणाऱ्या मॅडम येतात. त्यांना सांगावं लागेल, या वेळी लवकर निघा.

८ फेब्रुवारी

मॅडमना जेवायला वेळ मिळाला नाही. पाच मशिनं गेली. मॅडम म्हणाल्या, तुम्ही हे लिहायला कुठं शिकलात? काय सांगणार! लिहायला नाही, ऐकायला शिकले.

१३ फेब्रुवारी

पुण्याहून साहेबांचा फोन. खूष आहेत. इंदापूर तालुक्यालाही एजंट हवा, मार्चअखेर नाव पक्कं करायचं. "करून दाखवा, तालुका तुमचा."

इंदापूरच्या साप्ताहिकात छोटी जाहिरात चार ओळींची असते. बारामतीपेक्षा स्वस्त. पण तिथं मला कोण ओळखतं? इथं बूथवरची करुणाताई म्हटलं की झालं.

आबा म्हणाले, "पुरं नाव घाल. अर्ध्या नावाचं माणूस कोण म्हणायचं?"

सोमनाथ म्हणाले, "चंदनशिवे वाचलं की कोण आहे ते कळतं."

"कळू दे की," आबा.

मी म्हटलं, भांडू नका. दोन्ही छापून बघू. मजकूर एकच. एकीत "करुणाताई", दुसरीत "सौ. करुणा चंदनशिवे, बी. ए." फोन करणारा कुठल्या नावाने विचारतो, त्यावरून कळेल. नंबर एकच.

खरं सांगायचं तर मला बघायचंच होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पेपर टपालाने आला. दोन्ही जाहिराती आहेत. माझं अख्खं नाव छापून आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बी. ए.चा निकाल लागला तेव्हा पेपरात नुसता नंबर होता.

आबांनी पेपर उशाशी घेतला.

२५ फेब्रुवारी

इंदापूरकडून फोन येतायत. "करुणाताई हायत का?" "करुणाताईंना द्या." भिगवण, डाळज, खुद्द इंदापूर.

पूर्ण नावाने — कुणी नाही.

४ मार्च

या आठवड्यातही नाही.

मनाशी म्हटलं, ती जाहिरात आतल्या पानावर होती, खाली कोपऱ्यात. म्हणून असेल. साप्ताहिकवाल्यांना फोन करून सांगितलं, दोघींच्या जागा बदला.

आबा रोज विचारतात. मी म्हणते, चाललंय.

८ मार्च, शनिवार

आज डाळजला गेले. मॅडमची जीप होती, परत जाताना त्यांना थोडीच वाकडी वाट. "करुणाताई"च्या जाहिरातीवरून विजयसिंह नावाच्या बागाईतदाराने फोन केला होता. त्यांच्या आई, द्वारकाबाई, घराबाहेर पडत नाहीत. सुनेने आधी पाणी, मग पोहे आणले. मशीन कसं दिसतं ते बघायला माझ्या अगदी खांद्याला खांदा लावून बसली.

मॅडमनी मशीन बसवलं. द्वारकाबाई दचकल्या. "ह्यो कसला आवाज?"

"सोलापूर रोड हाय, आई. ट्रक चालल्यात."

"येवढा? रोज?"

"रोजच की."

"आन् तुमी झोपता कसं?"

सगळे हसले. म्हातारी सगळ्यांत जास्त. सुनेला म्हणाली, "तू आता बोल बरं कायतरी. न्हाय, हळू बोल. बघू तुजा आवाज कसा हाय." सून लाजली. शेवटी म्हणाली, "आत्याबाई, चा टाकू का?"

मग मी पावती लिहिली, खाली सही केली. विजयसिंहांनी वाचली. "चंदनशिवे. म्हंजे तुमी..."

"बौद्ध," मी म्हटलं.

"असं व्हय. बरं, बरं."

कुणी वाईट बोललं नाही. सून फक्त उठली आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. चहा टाकायचा राहून गेला. द्वारकाबाईंना हे काही कळलं नाही, त्या ट्रक ऐकत होत्या.

विजयसिंह जीपपर्यंत पोचवायला आले. हळूच म्हणाले, "ताई, राग मानू नका. जाहिरातीत नुसतं करुणाताई हाय तेच बरं हाय. आडनाव कुठं घालू नका."

मी म्हटलं, घातलंय.

११ मार्च, मंगळवार

जागा बदलूनही तेच. "करुणाताई" आता कोपऱ्यात आहे, तरी तिलाच फोन. वरची मोकळी जागा "चंदनशिवे"ला, आणि शून्य.

पान नाही, मजकूर नाही, नंबर नाही. सगळं सारखं, फक्त नाव वेगळं. दुसरं काय कारण असणार?

सोमनाथना दाखवलं. त्यांनी "मी म्हटलं होतं" असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

१४ मार्च

विजयसिंहांचा फोन. आई मशीन काढतच नाहीत, झोपतानाही सांगावं लागतं. मग मुद्द्यावर आले; इंदापूरच्या एजन्सीचं त्यांना मॅडमनी सांगितलं होतं. "एजन्सी माझ्या नावावर घ्या. जाहिरातीत माझं नाव टाका, काम तुमचं, कमिशन बी तुमचं. मला एक रुपाया नको. आमच्या आईला तुमी बोलती केली. इंदापूर भागात आमचं नाव चालतं, येवढंच."

मनापासून बोलत होते. त्याचाच जास्त त्रास झाला.

१५ मार्च

घरात भांडण.

सोमनाथ म्हणाले, "धंदा आहे, करुणा. पाटीवर कुणाचं नाव आहे यापेक्षा तालुका हातात आला हे मोठं."

आबा म्हणाले, "आमी धरम बदलला तवा बी नाव न्हाय बदललं. समद्या गावाला ठावं हुतं कोण ते. तरी गेलो. आन् ही शिकल्याली पोरगी नाव झाकून मशिनी इकणार?"

"आबा, झाकत नाही. कुणी विचारलं तर सांगतेच की मी."

"इच्चारल्याव सांगणं येगळं."

मी रागाने म्हटलं, मग फोन कुठायत? तुमच्या नावाला एक तरी फोन आला का?

असं म्हणायला नको होतं. तुमच्या नावाला — जसं काही ते माझं नाव नव्हतंच.

१६ मार्च

आज आबांनी फोन आले का ते विचारलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

पुन्हा शून्य. दोन्ही जाहिराती बंद करायला सांगितल्या. जे कळायचं होतं ते कळलंय, उगाच पैसे कशाला घालवायचे?

तरी पेपर आल्यावर आधी तीच उघडून बघितली. सौ. करुणा चंदनशिवे, बी. ए. दिसते छान.

२२ मार्च, शनिवार

विजयसिंहांना होकार कळवला. ते म्हणाले, काळजी करू नका ताई. ताईच म्हणतात, तेवढं आहे.

२६ मार्च

एजन्सीचा फॉर्म भरून पुण्याला पोस्टात टाकला. इंदापूर तालुका — विजयसिंहांचं नाव, त्यांचा पत्ता, त्यांची सही. माझं नाव "कामकाज पाहणार" या रकान्यात. पोस्टाच्या पेटीपाशी थोडी उभी राहिले. मग टाकलाच. बूथ उघडायचा होता.

१ एप्रिल, मंगळवार

सकाळी इंदापूरहून फोन. "चंदनशिवेबाईच का? मी म्हस्कूशेठ. माझं हितं खताचं दुकान हाय. अवो, म्हैना झाला, तुमचं समदं फोन माझ्याकडं येत्यात!" आधी खरंच वाटेना — आज एक एप्रिल!

खरं निघालं. "करुणाताई"च्या जाहिरातीत तोच नंबर कोडासकट बघून त्यांनी लावला होता. त्यांचा इंदापुरातला नंबर आणि माझा बारामतीतला नंबर आकड्यांनी एकच. फरक एसटीडी कोडाचा; कोड न लावता फिरवला की तिथं फोन त्यांनाच लागतो. साप्ताहिकवाल्यांना विचारलं तर म्हणतात, "तुमचं नाव लांब, चार वळीत मावंना. मग त्या जाहिरातीतनं बारामतीचा कोड काढला. नंबर तर बरोबर हाय की!" बरोबरच होता. दर मंगळवारी मी नुसतं नाव बघत बसले.

डाळजला जे घडलं ते यानं खोटं ठरत नाही. पण ते सगळीकडे घडलं नव्हतं.

पुण्याला फोन केला. फॉर्म साहेबांच्या टेबलावर आहे, सही व्हायचीय. म्हटलं, थांबवा, मी उद्या पहिल्या गाडीने येते. विजयसिंहांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

म्हस्कूशेठनी फोन ठेवता ठेवता सांगितलं — "बायांना राँग नंबर सांगून सांगून दमलो मी. पुढच्या टायमाला कोड घाला बाई. नाव ते तसंच ऱ्हाऊ द्या, लोकांच्या ध्यानात बसलंय."