मांडवाच्या टोकाची जोडी

तारापूर,
२० नोव्हेंबर २०२४

चि. उन्नतीस, अ. उ. आशीर्वाद.

तू फोनवर विचारलंस, काका, मालिका कशी वाटली, आणि मी ‘छान’ म्हणून मोकळा झालो. फोनवर माझ्या तोंडून खरं निघत नाही. समोरच्याचा श्वास ऐकू येतो आणि जीभ नरम पडते. मालिका लिहायचं तुझं हे पहिलंच काम. खोटं सांगितलं तर देव बघतो. म्हणून पत्र.

या महिन्यात तीन नवे कार्यक्रम सुरू झाले. तिन्ही मी घरमालकीण गोदूबाईंच्या ओटीवर बसून पाहिले, कारण माझ्या खोलीत टीव्ही नाही. त्या मासळी सुकवून विकतात आणि मी माळकरी. मला त्या ‘गवतखाऊ भाऊ’ म्हणतात, पण माझा चहा न चुकता वेगळ्या भांड्यात करतात.

‘सोन्याचा पाट’मध्ये घर मोठं आहे, पण पंधरा दिवसांत तिथे कोणी जेवलेलं नाही. ताटं वाढतात, कोणीतरी टोमणा मारतो आणि सगळे उठतात. त्यांना एकदा पोटभर जेवू घाला, निम्मी भांडणं मिटतील. लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत पोरं गोड गातात, पण गाणं संपलं रे संपलं की परीक्षक त्यांच्या आईला घरची गरिबी विचारतात. सूर बघायला बसलात ना, मग घराचे पत्रे कशाला मोजता?

आता तुझी ‘उधाणाची सून’. नायक माझ्यासारखा बॉयलरवर कामाला आहे याचा आनंद झाला. पण तो पांढरा सदरा घालून भट्टीचं दार उघडतो आणि नायिकेकडे बघत राहतो. आमची नजर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवरून हलली तर कारखाना जागेवर राहणार नाही. बॉयलर प्रेम ओळखत नाही. त्यातली कोळीण सासू कमरेवर हात ठेवल्याशिवाय एक वाक्य बोलत नाही. गोदूबाईंनी विचारलं, ही बाई बोलते का नाचते?

खरी माणसं साधी असतात गं. गोदूबाई बोंबील वाळत घालतात तेव्हा जबड्यात जबडा अडकवून दोन-दोनची जोडी बांबूच्या मांडवावरच्या दोरीवर टाकतात. मांडवाच्या टोकाची एक जोडी विकायची नसते. ती त्यांच्या मुलाची, दर्पणची. तो आखातात क्रेन चालवतो, दोन वर्षांतून एकदा येतो. बोटीवरच्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो, तसा घरात नसलेल्याचाही वाटा काढायचा. वाळली की दारात पहिला येईल त्याला द्यायची. एवढंच. ना रडणं, ना कमरेवर हात. असं काही लिही.

तुझा काका,
रामकिसन

मीरा रोड,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. काकांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र आमच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं. ‘बॉयलर प्रेम ओळखत नाही’ हे फळ्यावर लिहिलं आहे. नायकाला खाकी कपडे मिळाले. ‘सोन्याचा पाट’वाल्यांना मात्र मी जेवू घालू शकत नाही, ते दुसऱ्या वाहिनीचे. बाबा रुसले आहेत. म्हणतात, सख्ख्या भावाला दहा वर्षांत पोस्टकार्ड नाही आणि पोरीला तीन पानं.

मोठी बातमी ही की तुमची बोंबलाची जोडी सगळ्यांना आवडली. कथा ठरवणारे वेगळे, मी फक्त संवाद लिहिते, तेही तीन महिन्यांच्या बोलीवर. पण हा प्रसंग माझा आहे. ५ तारखेला, गुरुवारी साडेसातला गोदूबाईंना घेऊन बसा.

तुमची,
उन्नती

तारापूर,
१२ डिसेंबर २०२४

चि. उन्नतीस आशीर्वाद.

गुरुवारी बसलो. सासूने टोकाला जोडी टांगली तेव्हा गोदूबाई पुढे सरकल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. हे मीच सांगितलं हे त्यांना कळलं होतं, आणि रागही नव्हता. मग वीज कडाडली. बोंबलाखाली काळा दोरा आणि लिंबू निघालं, सून किंचाळली. मुलाला बायकोपासून तोडायची करणी म्हणे. गोदूबाईंनी टीव्ही बंद केला आणि आत गेल्या.

शेजारची हेमांगी त्यांच्याच मांडवावर मासळी घालते. तिच्या लहानग्याला शुक्रवारी ताप भरला. शनिवारी तिने आपले बोंबील उचलून पलीकडच्या आवारात नेले. सोमवारपासून टोकाची जोडी दिसत नाही. दर्पणचा फोन आला, त्याला त्यांनी सगळं बरं हाय म्हणून सांगितलं.

एकदा बाईला करणीवाली म्हटलं की पुढे काय होतं ते तू आपल्या गावात पाहिलं आहेस. जमनाआजीच्या दारावरून लोक वळसा घालून जायचे. ती मेली तरी वळसा राहिला.

पहिली चूक माझी. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट मी न विचारता कागदावर घातली. त्यांच्यापुढे हात जोडले. त्या म्हणाल्या, जाऊ द्या भाऊ. पण ओटीवर बोलावणं नाही.

आता तुझ्याकडे. फोनवरची माफी मला नको. जे जिथे बोललं गेलं तिथेच ते पुसलं पाहिजे, त्याच सासूच्या तोंडून, त्याच वेळेला. तुझ्या हातात किती आहे मला माहीत नाही, पण जेवढं आहे तेवढं कर. मी दुसरी पाळी बदलून घेतली आहे. रोज साडेसातला नाक्यावरच्या सलूनमधल्या टीव्हीसमोर बसतो. कमलाकांत न्हावी विचारतो, दाढी? मी म्हणतो, वाट बघतोय.

रामकिसन

मीरा रोड,
६ जानेवारी २०२५

ती. काकांना शि. सा. नमस्कार.

तुमचं हे पत्र मी कोणाला वाचून दाखवलं नाही. मी ‘वाटा’ असंच लिहिलं होतं. त्यात रंगत नाही म्हणून वरच्यांनी लिंबू घातलं. ते मला आदल्या दिवशी कळलं आणि मी गप्प बसले, कारण बोली जानेवारीत संपत होती. लिंबू त्यांचं, गप्प बसणं माझं.

त्यानंतर करणीचे संवाद लिहायला मी नाही म्हटलं. ते दुसऱ्याने लिहिले. शेवटी रोज जाऊन बसल्यावर एक प्रसंग मिळाला, त्यात सासूचं एक वाक्य. संक्रांतीला, १४ तारखेला. कापलं गेलं नाही तर दिसेल.

बोली वाढवलेली नाही. बाबांना एवढ्यात सांगू नका. आणि गोदूबाईंना काय सांगावं ते मला सुचत नाही.

उन्नती

तारापूर,
१६ जानेवारी २०२५

चि. उन्नतीस अनेक आशीर्वाद.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गोदूबाईंच्या दारात उभा राहिलो आणि आजचा दिवस टीव्ही लावा म्हटलं. त्यांनी विचारलं, अजून काय दाखवायचं राहिलंय का? तरी लावला. तेवढ्यात हेमांगी लहानग्याला घेऊन तिळगूळ द्यायला आली. सण होता, उंबऱ्यावरून परत जाता येईना. तीही टेकली.

तुझं वाक्य कापलं नव्हतं. सासू कमरेवर हात न ठेवता म्हणाली, “ही करणी नाय. हा वाटा हाय. घरात जो नाय त्याचा.” लगेच साबणाची जाहिरात आली.

मग गोदूबाई म्हणाल्या, ह्यांनी जोडी शेपटीनं टांगलीय, रातभर तरी टिकंल का वाऱ्यावर? आणि जबडा कसा अडकवायचा ते त्यांनी हेमांगीला बोटांनी करून दाखवलं, जणू तिला येतच नाही. हेमांगीनेही शिकून घेतलं.

काल सकाळी हेमांगीचे बोंबील परत मांडवावर आले. पलीकडं वारा लागत नाय, म्हणाली. टोकाला दोन जोड्या होत्या. मी विचारलं तर गोदूबाई म्हणाल्या, एक दर्पणची, दुसरी तुमच्या पोरीची. ती पण घरापासून लांब हाय ना. आम्ही माळकरी, हे मी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, खायचं का नाय ते तिचं ती बघंल, आमी वाटा काढला. तू खातेस का, हे मी त्यांना सांगितलं नाही आणि तुलाही विचारत नाही.

मालिका अजून वाईटच आहे. दोन महिन्यांत एक वाक्य खरं होतं, ते तुझं. त्यापायी काम गेलं याचं मला वाईट वाटतं, पण लाज वाटत नाही. वाटली असती तर हे पत्र तुला नाही, तुझ्या बाबांना गेलं असतं. दुसरं काम मिळेल. माझ्या शेजारची खोली तोवर रिकामी आहे, ओटीवर बसून लिही.

जोडी रविवारपर्यंत वाळेल. गोदूबाईंचा निरोप आहे, वाटा पोस्टानं जात नाय. दारात दुसरं कोण यायच्या आत तिला यायला सांगा.

लोभ तर आहेच, तो दोरीवर टांगला आहे. येऊन घेऊन जा.

तुझा,
रामकिसन काका