पाच मात्रांचा खण

मी, खाली सही करणारी, रुग्णालयाच्या धुलाईघरातून निवृत्त झालेली कामगार आणि धुलाई कामगार संघटनेची माजी सरचिटणीस, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. तो आणून पाहिलेले बहुतेक जण माझ्या आधी गेले. गेल्या वर्षी शस्त्रक्रियेत माझं स्वरयंत्र काढलं, म्हणून मला बोलता येत नाही. पण बोलता न येणं म्हणजे विचार न करता येणं नव्हे, हे वकीलबाईंनी ठळक नोंदवावं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहत्या दोन खोल्या मुलगा आणि सून यांच्या निम्म्या-निम्म्या. कागदावर सुनेचं नाव आधी येईल. हे वाचून मुलगा म्हणाला, "म्हणजे मी पाहुणाच." मी पाटीवर लिहिलं, "वागणुकीवर आहे."

२. बँकेतली शिल्लक आणि माझी सर्व पुस्तकं संघटनेच्या वाचनालयाला. समासातला मजकूर कुणी खोडू नये. लेखकांशी माझी भांडणं तिथे चालू आहेत.

३. बॅटरीवरचा कर्णा नव्या ठेकेदाराच्या धुलाईघरातल्या बायकांना. आवाज त्यांनी आपला आणावा.

४. आता गाणं. हे कलम लांबेल, वकीलबाईंनी सहन करावं.

चादरी पिळताना म्हणायचं आमचं गाणं, ज्याची चाल माझी, ते मी कधी लिहू दिलं नाही की ध्वनिमुद्रित करू दिलं नाही. पहिल्या संपात कुणीतरी गेटवरचं गाणं टेपवर घेतलं आणि व्यवस्थापनाने आवाजांवरून बायका ओळखून कामावरून काढल्या. तेव्हापासून मी सभांतून सांगत आले: गाणं तोंडात ठेवा, तिथे झडती घेता येत नाही. ते मी आजही मागे घेत नाही. पण तोंडात ठेवलेली वस्तू तोंडाबरोबर जाते, एवढं मी धरलं नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर जुन्या बायकांना बोलावलं. शब्द सगळ्यांना पाठ, चाल मात्र प्रत्येकीची वेगळी. खरी चाल माझ्या डोक्यात होती आणि तिला बाहेर यायला वाट नव्हती.

नव्या धुलाईघरात यंत्रं पिळतात आणि बायका यंत्रं भरतात. दोन खेपांमध्ये उसंत नाही. जी आम्ही लढून मिळवली होती, ती ठेकेदाराने परत घेतली. तिथल्या बायकांनी गेटसभेसाठी हेच गाणं मागितलं. त्यांच्या हातात नुसता शब्दांचा कागद ठेवून त्यांना वाटेला लावणं मला जमणार नव्हतं.

सून शाळेत पियानो शिकलेली. तिने संगणकावर स्वरलिपी लिहिण्याचं सॉफ्टवेअर घातलं आणि मला समोर बसवलं. ते उघडताच प्रश्न विचारू लागलं. मला एकाचंही उत्तर येईना, म्हणून मी सगळ्याला होय म्हटलं. पानभर वाद्यांचा ताफा उभा राहिला. सून म्हणाली, "आई, एवढी माणसं बोलावलीत, आता चहा कोण ठेवणार?"

मग एकच ओळ ठेवली. माउसने स्वर ठेवायला जावं तर तो एक पायरी वर नाहीतर खाली बसे, आणि वाजून चूक ऐकवी. मला तेच हवं होतं. चुकीला "नाही" म्हणता येत होतं. बाणाची कळ दाबून स्वर वर-खाली सरकवायचा आणि डोक्यातल्या चालीला जुळला की सोडायचा. अशा रीतीने मी पुन्हा गायला लागले.

रिकाम्या जागी ते यंत्र आपण होऊन विरामाची खूण घाली. मला तो कचरा वाटला. मी पुसायची आणि ती खूण पुन्हा उगवायची. सून म्हणाली, "ती जाणार नाही, आई. काही न वाजणंसुद्धा मोजावं लागतं."

मी कळांवरून हात काढून घेतला. ज्या उसंतीसाठी आम्ही मार खाल्ला, ती हे यंत्र न मागता लिहून देत होतं, आणि स्वराच्या बरोबरीने. कागदावर श्वास मावत नाही, असं मी सभांतून ठासून सांगितलं होतं. मावतो.

पण आमचीच उसंत त्यात बसेना. गाणं चार मात्रांचं. "दे गं पीळ" म्हणून झालं की पाचवी मात्रा गप्प. तेवढ्यात चादरीच्या दोन्ही टोकांच्या बायका श्वास सोडत. ती घातली की दोन उभ्या रेघांमधला खण भरून वाहू लागे, पुढचं सगळं गाणं सरके आणि शब्द भलत्या स्वराखाली पडत. सून कंटाळली. म्हणाली, "एका मात्रेचा तर प्रश्न. काढून टाकू. कुणाला कळणार आहे?"

ते पाहायला नणंदेला बोलावलं. वन्सं आणि मी नोकरीभर एकाच चादरीच्या दोन टोकांना उभ्या होतो. त्या सुरात कधीच नव्हत्या; गेटवर मी त्यांना नुसते ओठ हलवायला सांगत असे. ओल्या चादरीचं एक टोक त्यांच्या हाती दिलं, दुसरं मी धरलं आणि ती मात्रा काढून सरळ केलेलं गाणं लावलं. पहिल्याच पिळाला चादर हातातून सुटली.

"अगं वहिनी, हा कोण मेला मागे लागलाय?" वन्सं म्हणाल्या. "श्वास तरी घेऊ दे. हे मुकादमाचं गाणं आहे, आपलं नाही."

सुनेने सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा शोधाशोध केली. एका खणापुरत्या मात्रा बदलता येतात: चार, मग पाच, मग पुन्हा चार. मात्रा जागेवर बसली आणि पुढचे शब्द सरळ झाले.

या फाइलवर कुणाचीही मालकी राहणार नाही. मागेल तिला सुनेने प्रत द्यावी. अट एकच, त्या पाचव्या मात्रेला हात लावायचा नाही. गेटसभा परवा आहे. प्रती छापून झाल्या आहेत.

५. धाकटा भाऊ गायनवृंद चालवतो. त्याने हे गाणं ऐकीव चालीवरून, पाचवी मात्रा कापून, "पारंपरिक" असं लिहून छापलं. मी जिवंत होते. त्याला भर सभेत चोर म्हटलं, तो शब्द कायम. "अक्का, लिहिलं नाहीस तर तुझ्याबरोबर जाईल," असं तो म्हणायचा, तेही खरं ठरलं. दोन्ही गोष्टी नोंदवते. त्याला एक प्रत द्यावी. त्याने हवे तितके आवाज बसवावेत, फक्त त्या मात्रेला सगळ्यांनी गप्प राहावं.

६. माझ्या निरोपाला भाषण नको. माझी एकटीचीच पुरेशी झाली आहेत. पाळी सुटल्यावर ज्या येतील त्यांनी कागदावर पाहून गाणं म्हणावं. चुकलं तर थांबून पुन्हा धरावं. मला घाई नसेल.

७. चादर मी वन्संच्या नावे करणार होते. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. वन्सं हटून बसल्या: "मग मला काही देऊ नकोस. सही करू दे." म्हणून या दस्तात त्यांच्यासाठी काही नाही. चादरीचं एक टोक त्यांच्याकडे पूर्वीपासून आहेच.

वर लिहिलेला प्रत्येक शब्द माझा आहे. तो वाचून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही करत आहे.

स्थळ: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिले: (सही) शेजारचे शिंपी. "बाईंनी माझ्यासमोर सही केली."

साक्षीदार दुसऱ्या: (सही) नणंद. "माझ्यासमोर सही केली. त्याआधी गाणं लावून दोघींनी चादर पिळून पाहिली. सुटली नाही."