हिच्या डब्यातला गवती चहा

२ एप्रिल १९८६, लातूर
ही जाऊन दहा महिने झाले. रडत बसणं आपल्या स्वभावात नाही. रॉकेलच्या डब्यात हिने लावलेल्या गवती चहाच्या वाळून काड्या झाल्या आहेत. जूनमध्ये वर्षश्राद्धाला शिवगंगा उदगीरहून येणार. पत्रात मुलीने एकच मागितलं आहे: अप्पा, आईच्या गवती चहाचा एक कप पाजा. उत्तर टाकलं, झाड उत्तम आहे. आता ते उत्तम करायचं, एवढंच उरलं.

५ एप्रिल
नळ चौथ्या दिवशी येतो. निश्चय: आंघोळ अर्ध्या बादलीत, उरलेली अर्धी डब्याला.

६ एप्रिल
अर्ध्या बादलीत डोकं धुऊन निघत नाही. डब्याचा वाटा पाव बादलीवर आणला. काड्या तशाच. शेजारी विचारावं म्हटलं, पण विचारायला गेलं की लोक हिच्याबद्दल बोलायला लागतात. नाही विचारलं.

९ एप्रिल
दळणासाठी ज्वारी पाखडली. सुपातलं मातेरं वाया का घालवा? खत म्हणून डब्यात टाकलं.

१६ एप्रिल, सकाळी ६
फुटला! चार हिरवे कोंब. शिवगंगाला लगेच कार्ड. पद्धत शास्त्रीय हवी.

४ मे
वीतभर. पानं पूर्वीपेक्षा रुंद. खताचा गुण. शेजारच्या गौरम्मा भिंतीवरून म्हणाल्या, भाऊ, लई झ्याक आलंय की! गोफण घिऊन बसा, पाखरं येतील. गवती चहाला पाखरं कशी येतील, असं मी विचारलं. हाव, तेबी खरंच, म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून आत पळाल्या. ऊन लागलं असावं.

१८ मे
पान चुरगळून पाहिलं. वास नाही. दुष्काळात वास मुळात उतरत असणार. पावसाळ्यात वर येईल.
कचेरीत दिवसभर ज्वारी किती बुडाली याचे तक्ते. चार वर्षांपूर्वी झालेल्या या जिल्ह्यात ज्वारीच्या इतक्या फायली दुसऱ्या कुणी हाताळल्या नसतील.

२ जून
मांडीएवढं. कचेरीभर वाटायचं ठरवलं. गौरम्मा म्हणाल्या, हुरड्याला बोलवा बरं का भाऊ, इसरू नका. बाईंचा विनोद कधी कळलाच नाही.

८ जून
शेंड्यातून तुरा बाहेर आला. गवती चहाला फूल! फार दुर्मीळ. शिवगंगासाठी राखून ठेवलं.

११ जून, वर्षश्राद्ध
शिवगंगा आली. डब्यापुढे उभी राहिली. म्हणाली, अप्पा, ही ज्वारी आहे. हसत सुटली, हसता हसता खाली बसली आणि रडायला लागली. मी म्हटलं, थांब, तपासतो. तपासलं. ज्वारीच.

गौरम्मा भिंतीपलीकडून ऐकत होत्या. आज हसल्या नाहीत. आपल्या दारातल्या गवती चहाची मूठभर पाती कापून घेऊन आल्या. म्हणाल्या, तुमच्या घरचंच हाय हे. ताईनंच ठोंब दिलता मला. गल्लीत समद्याच्या दारात तिचाच हाय. एक डाव मागायचं तरी भाऊ, एवढं काय ते अवघड!

चहा शिवगंगाने केला. घरभर वास सुटला. कप तोंडापर्यंत नेला, पण पिता आला नाही. फार गरम होता.

अर्ध्या तासाने पुन्हा पाहिला. अजूनही गरमच होता.