ताट माझ्या हातात

१ ऑगस्ट १९९९
हंबीरराव येऊन गेले. तरुण मंडळाचे पन्नाशीतले अध्यक्ष. पंधरा तारखेला गावातल्या सात म्हाताऱ्या फौजींचा सत्कार. कारगिल झाल्यापासून सगळ्यांनाच फौजी आठवायला लागलेत. मलाही स्टेजवर खुर्ची, साडी, नारळ. वीरपत्नी म्हणून.

म्हटलं, खुर्ची नको, मी फौजींना ओवाळते. जोतीराम — लिहिते नाव, इथे कोण बघतंय — सुट्टी संपवून पलटणीत निघाले की मीच ओवाळायचे. हंबीरराव कपात बघत बसले. "वैनी, तुमी बालवाडीच्या बाई, जाणत्या. ओवाळायला सवाष्णी लागत्यात की."

नवरा देशासाठी गेला म्हणून सत्कार, आणि तो गेला म्हणूनच हात अशुभ. तळपायाची आग मस्तकात गेली.

४ ऑगस्ट
धाकटी जाऊ म्हणते, "गप साडी घ्या की आक्का." अठ्ठावीस वर्षं गप्पच होते. पुरे!

९ ऑगस्ट
केरबा सुभेदारांच्या कानावर घातलं. एकाहत्तरच्या लढाईत ते जोतीरामांच्या शेजारी होते. एक पाय तिकडेच गेला. ऐकलं, आणि तंबाखू मळत बसले. फार राग आला त्यांचा.

१५ ऑगस्ट
ताट घेऊनच गेले. स्टेजच्या पायरीवर हंबीररावांनी अडवलं. हळू आवाजात, पण अडवलंच. "अपशकुन नगो वैनी. म्हातारी माणसं हायत." मी ताट खाली घेतलं नाही.

केरबा उठले. कुबडी टेकत खाली उतरून माझ्यासमोर उभे राहिले. "मरान काय हिच्या ताटातनं येतंय व्हय? आमी जवळनं बघितलंय त्येला. लावा टिळा, वैनी."

मग बाकीचे सहाही उतरले, एकमेकांना धरत. सवाष्णी वर ताटं घेऊन तशाच. मी सातही जणांना ओवाळलं. साडी घेतली नाही. घरी येऊन मात्र पोटभर रडले.

१६ ऑगस्ट
पाणवठ्यावर बायका माझ्याशी बोलल्या नाहीत. बरं झालं, बादल्या लवकर भरल्या.

२२ ऑगस्ट
हंबीररावांची बायको धोंडुबाई दारात. त्यांचा मुलगा फौजेत, उद्या काश्मीरला निघालाय. "आक्का, त्येला तुमीच ओवाळा." हंबीरराव मागे, मान खाली घालून.

म्हटलं, येईन. पण कपाळाला कुंकू लावून येईन.

धोंडुबाईनं स्वतःच्या कपाळावरचं बोटावर घेतलं आणि तिथेच, उंबऱ्यात, मला लावलं.