तीस दिवसांचा शांतपणा

४ जून

चार महिने एक अक्षर लिहिलं नाही. माफ कर, वही! कारण आळस. दुसरं शोधलं तर ते खोटं निघेल.

साहेबांनी गुंतवणूकदारांसाठी नवी पुस्तिका काढायला घेतलीय. प्रत्येक शेअरपुढे एक आकडा – भाव किती वरखाली होतो त्याचा. आकडे मी काढायचे, खाली सहीही माझीच. सिमेंट कंपनीचा आकडा गेल्या तीस दिवसांवरून नऊ टक्के येतो. वर्षावरून एकतीस. पाच वर्षांवरून बेचाळीस! शेअर तोच, सूत्र तेच.

साहेब म्हणाले, "तीस दिवसच घ्या, बाई. ताजं ते चांगलं."

ताजं! कंपनी महिनाभर ठरलेल्या भावाने स्वतःचेच शेअर परत विकत घेतेय, म्हणून भाव खुंटीला बांधल्यासारखा उभा. पुढच्या आठवड्यात खुंटी निघणार.

५ जून

मावशीचा फोन. "तुझ्या पुस्तिकेत जो शेअर सगळ्यात गरीब, कमी उड्या मारणारा दिसेल, त्यात माझी पुंजी टाकते गं. तुझी सही म्हणजे झालं!"

तीस दिवसांचं गुपित सांगितलं. मावशी जन्मभर नर्स. उसळलीच – "सकाळी ताप उतरला म्हणून पेशंटला घरी सोडतात का? आठवड्याचा तक्ता बघतात! आणि माझ्यासारख्या बाकीच्यांना कोण सांगणार?"

खरंच, कोण?

६ जून

एक कबुली. गेलं वर्षभर मी साहेबांच्या रागाला रोज गुण देते, एक ते दहा. संगणकात, शेअरांच्याच फाइलमध्ये एक बिननावाचं पान, वर फक्त 'क्र. १'. माणसाला असे गुण देणं सभ्यपणाचं आहे का? नाही. थांबवणार का? बघू.

आज त्याच पानावर त्यांचाही चढउतार काढला. तीस दिवसांचा – जवळजवळ शून्य. देवमाणूस! वर्षाचा – अबब! महिनाभर शेजारच्या केबिनमध्ये मोठे साहेब येऊन बसलेत ना. इथेही खुंटीच!

एकटीच हसले. टायपिस्ट म्हणाली, "लॉटरी लागली का, ताई?"

९ जून

मेले! सिमेंटची फाइल साहेबांना पाठवली, त्यात 'क्र. १'चं पानही गेलं. इतरांच्या चुका दुर्बिणीतून शोधणारी मी!

१० जून

सकाळीच बोलावणं. साहेबांच्या पडद्यावर तेच पान.

"हा कुठला शेअर, बाई?"

"आपल्या... आपल्या यादीत नाही, साहेब."

"महिनाभर गरीब गाय, आणि वर्षभर बघावं तर शिंगं! असला शेअर तीस दिवसांवरून लोकांच्या गळ्यात मारायचा?"

माझ्या तोंडून निसटलं – "मग सिमेंट का मारायचा?"

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"तिन्ही आकडे छापा. महिना, वर्ष, पाच वर्षं. सगळ्याच शेअरांचे."

जिंकले! मावशीला लगेच कळवलं. "बेचाळीस? नको बाई, बँकच बरी," म्हणाली. पण मनाला टोचणी आहेच. ज्याचा राग मोजला, त्यालाच अंधारात ठेवून त्याच्याकडून न्याय करून घेतला. हे प्रामाणिकपणात बसतं का? सांगून टाकावं का?

टाळलं. भित्री!

११ जून

छपाईचा नमुना साहेबांकडून परत आला. तिन्ही रकाने जागच्या जागी, खाली त्यांचीही सही. मागे 'क्र. १'चं पान टाचलेलं. त्यावर पेन्सिलीने – "बाई, १४ मार्चला नऊ गुण कसे? त्या दिवशी मी रजेवर होतो."

उद्या: १४ मार्चची नोंद काढून वर्षाचा आकडा पुन्हा काढणे.