गाडीतली तुझी जागा

धाकटे,

तू उठशील तेव्हा मी घरात नसेन. शिंपीण ठरल्याप्रमाणे सहाला आली, खाली गाडीत थांबली आहे. तू गाढ झोपलेली, आणि दुपारी बारापर्यंत माझं मौन, त्यामुळे तुला हाक मारता आली नाही. दारावर थाप मारता आली असती, पण मारली नाही. तिनेच खालून विचारलं, "ती उठत नसेल तर तू येतेस का गं?" मी मान डोलावली.

शाळेपासून ती माझी मैत्रीण. तिला या घरात चहाला मीच आणलं. आणि गेले आठ शनिवार नवनवी गावं बघत हिंडता तुम्ही दोघी. परत येताना तुमचं खिदळणं जिन्यातूनच ऐकू येतं आणि आत माझे जपाचे मणी चुकतात. "ताई कुठली येतेय, तिचे नेम आडवे येतात," असं तू तिला परस्पर सांगून टाकलंस. मला एकदा तरी विचारायचंस! माळ पर्समध्येही मावते.

संध्याकाळी देवापुढे दिवा लाव, वात बारीक ठेव. कुंड्यांना पाणी घाल. दूध तापवून ठेवलंय. आम्ही उद्या संध्याकाळी येऊ.

तू रागावशील. "चुकलं माझं" असं शेवटी लिहिणार होते. पण खोटं बोलायचं नाही हाही माझा नेम आहे, आणि लिहिलेलंही त्यातच धरते मी.

ताई